बर्फासाठी आणलेलं मीठ

एकतीस वर्षं मी लोकांच्या मुलांचे हात घाण करायचं काम केलं. पूर्वी कुणी विचारलं तर मी 'शिक्षिका आहे' असं सांगायचे. मग हमखास पुढचा प्रश्न यायचा, कुठला विषय? तिथे माझी गाडी अडायची. अडीच-तीन वर्षांच्या पोरांना कसला आलाय विषय. नाक पुसायला शिकली तरी वर्ष सार्थकी लागलं म्हणायचं. तेव्हा आता रिटायर झाल्यावर मी सरळ सांगून टाकते, की मी मुलांना चिखलात, पिठात आणि पाण्यात हात घालायला लावायचे. लोक हसतात. हसू देत बापडे.

पहिली एकोणीस वर्षं जुन्या पनवेलात एका देवळामागच्या हॉलमध्ये बालवाडी घेतली. सामान काय, तर दोन पराती, एक टोपलं आणि आयांनी दिलेले रिकामे डबे. परातीत कधी गहू, कधी वाळू, कधी नुसतं पाणी आणि चार चमचे. मुलं तासभर गुंग. या प्रकाराला काही नाव असतं हे मला ठाऊकही नव्हतं. पुढची बारा वर्षं रोडपालीला एका खासगी प्ले-ग्रुपमध्ये काढली. तिथल्या रेवती मॅडम मालकीणही त्याच आणि मुख्याध्यापिकाही त्याच. माझ्या मुलीच्या वयाच्या, शिकलेल्या, हुशार. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक जाडजूड छापील पुस्तक दिलं. त्यात पानोपानी 'सेन्सरी प्ले' आणि 'सेन्सरी ट्रे'. घरी नेऊन चष्मा लावून वाचलं, तर ही आपलीच परात. फक्त आता ती प्लास्टिकची आणि चौकोनी झाली होती, आणि तिच्यासोबत प्रत्येक मुलाचा एक निरीक्षण-तक्ता भरायचा होता.

बाहेरच्यांना हे काम म्हणजे पोरखेळ वाटतो, म्हणून थोडं सांगते. लहान मूल जग ओळखतं ते हातांनी, नाकानं आणि तोंडानं. डोकं मागाहून येतं. म्हणून त्याच्यापुढे काहीतरी ओलं, खरखरीत, चिकट किंवा वासाचं ठेवायचं आणि आपण गप्प बसायचं. गप्प बसणं हेच अवघड. एखादं मूल आल्या आल्या कोपरापर्यंत हात बुडवतं, दुसरं महिनाभर लांबूनच बघतं. दोघंही शहाणीच असतात. जे लांब उभं आहे त्याला ओढायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. नव्याने लागलेल्या मुलींना तो मी घोकायला लावायचे. आणि मोडला तोही मीच, ते पुढे येईलच.

सण आले की आमची चंगळ. गणपतीत शाडू, दिवाळीला उटणं आणि किल्ल्याची माती, संक्रांतीला तीळ आणि हलवा, होळीला बिटाचं लाल पाणी. ईदला एका मुलीच्या अम्मीनं भाजलेल्या शेवया आणि अत्तराचे फाये आणून दिले. मुलांनी शेवयांची घरटी केली आणि दोन दिवस वर्ग घमघमत होता. जाताना त्या बाई हळूच मला म्हणाल्या, की खेळून झाल्यावर शेवया कचऱ्यात नका टाकू, रिझ्क आहे, अल्लानं दिलेलं अन्न. मी म्हटलं, निश्चिंत राहा. धान्य असो की शेवया, खेळून झालं की आमच्या मावशी ते गच्चीवर पाखरांना टाकत. अन्न पायाखाली येता कामा नये, याबाबतीत मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे, निदान मी तशी समजूत करून घेतली होती.

पालक मात्र एकेक नग. शाडूच्या दिवशी एका आईनं मुलाला पांढरेशुभ्र हातमोजे घालून पाठवलं. खेळू दे म्हणाली, पण हात खराब नको. पोरगं खूश. त्यानं मोज्यांच्या आतपर्यंत शाडू भरला आणि घरी जाईपर्यंत तो वाळला. दुसऱ्या दिवशी आई मोजे घेऊन हजर, की यातला शाडू आता निघतच नाही, काय करू? मी काय सांगणार, कपाळ माझं? एक वडील होते, जमिनीच्या व्यवहारांतले, गळ्यात जाडी चेन. त्यांनी पालकसभेत उभं राहून अगदी मनापासून विचारलं, "टीचर, या शाडूत पुढे स्कोप काय?" त्याचंही उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही.

पण ज्याचं उत्तर खरोखर हवं होतं, ती गोष्ट आरुषची. चार वर्षं झाली, ती डोक्यातून जात नाही. लिहायला बसलं की उलगडा होईल असं वाटलं होतं. इतकं लिहून झालं तरी अजून काही चिन्ह दिसत नाही.

आरुष साडेतीन वर्षांचा. मूळचं गव्हाणचं आगरी कुटुंब. जमिनी प्रकल्पाला गेल्यावर आरुषच्या वडिलांनी रोडपालीला फ्लॅट घेतला. ते द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर होते, त्यामुळे शाळेत कधी दिसायचे नाहीत. आरुषला आणायला-सोडायला आजोबा यायचे, स्कूटरवर पुढे उभं करून. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पायात रबरी चपला. नातवाचे बूट ते स्वतः गुडघ्यावर बसून काढायचे आणि आत सोडताना त्याच्या कानात काहीतरी पुटपुटायचे. काय सांगायचे ते मी कधी विचारलं नाही.

जूनपासून दिवाळीपर्यंत आरुष आमच्या वर्गात एक शब्द बोलला नाही. रडायचाही नाही. शाडू ठेवला की हात पाठीमागे बांधून उभा. पाणी ठेवलं तरी तेच. बघायचा मात्र सगळं. कुठल्या मुलानं किती शाडू घेतला, कुणाची सोंड तुटली, सगळं त्याच्या डोळ्यांत असायचं. आजोबांना विचारावं तर ते हसायचे. घरान नुसता बडबड करतोय, तुमच्याच शाळेत त्याची वाचा बसते, असं म्हणायचे. आई वेगळंच सांगायची. ती नेरूळला एका बँकेत होती, शनिवारी यायची. घरी बोलतो, पण आजोबांशी. पाहुणे आले की कॉटखाली जाऊन बसतो. मोबाइलवर वाचून वाचून तिनं जीव टांगणीला लावून घेतला होता. एकदा सगळे गेल्यावर तिनं मला धरलं आणि म्हणाली, "टीचर, तुम्ही इतकी मुलं बघितलीत. तुम्हीच सांगा, हा नॉर्मल आहे ना?"

मी म्हटलं, आहे हो. वेळ द्या. हे मी तेव्हा मनापासून म्हटलं का तिचं तोंड बघवेना म्हणून म्हटलं, हेही आता मला सांगता येणार नाही.

मग दिवाळी आली. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आम्ही उटण्याचा खेळ मांडला. मोठ्या ट्रेमध्ये उटणं, बाजूला कोमट तेल, मुलांनी ते कालवायचं आणि एकमेकांच्या हाताला लावायचं. दारात पालक फोटो काढायला गोळा झालेले. सगळी पोरं पिवळी झाली होती आणि आरुष एकटा भिंतीला टेकून कोरडा. मला काय झालं कोण जाणे. कदाचित फोटोत तो एकटाच कोरडा दिसेल असं वाटलं असेल. पाच महिने वाट बघितली याचा राग असेल. मी गेले, त्याचा उजवा हात धरला आणि ट्रेमध्ये दाबला. बघ, काही होत नाही, असं हसत हसत म्हणाले. त्यानं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, मी सोडला नाही. दहा सेकंद असतील. मग तो असा किंचाळला की दारातल्यांनी मोबाइल खाली घेतले.

तक्त्यात मी लिहिलं: 'उटण्याला घाबरला. मोठ्यानं रडला.' हात मी धरून ठेवला होता हे लिहिलं नाही. आईला फोनवर सांगतानाही नाही.

सुट्टीनंतर आरुष आठ-दहा दिवस आलाच नाही. आला तेव्हा माझ्यापासून चार हात लांब राहायला लागला. रेवती मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. त्यांचं म्हणणं असं, की मुलाला मदतीची गरज असेल तर उशीर करण्यात अर्थ नाही. नाताळपर्यंत बघू. त्याच्या खेळाची नीट नोंद करा. काहीच फरक नसेल तर डॉक्टरांकडून तपासून आणा, आणि त्यांचं पत्र असेल तरच जानेवारीपासून वर्गात ठेवू. हे घरी कळल्यावर दोन तट पडले. आई डॉक्टरकडे जायला तयार, आजोबांना ते नाव काढलेलंही खपेना. धडधाकट पोराला वेडा ठरवताय काय, असं ते दारात मावशींना म्हणाले होते. वडील मधल्या मध्ये. सगळं येऊन ठेपलं ते माझ्या तक्त्यावर. मी जे लिहीन त्यावर त्या पोराची शाळा ठरणार होती, आणि त्या घरातली शांतताही.

नाताळाचा खेळ पुस्तकात ठरलेला होता. स्नो ट्रे. म्हणजे बर्फ. आता गंमत बघा. मी जन्मले पनवेलात, वाढले पनवेलात. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे स्वेटर घातला तर दहा वाजता काढावा लागतो. बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकतात तो. पुस्तकातल्या चित्रात मात्र पांढऱ्या ढिगात लाल टोपीतली मुलं लोळत होती. मी मॅडमना विचारलं, की आपली मुलं यातून नक्की कशाची आठवण काढणार? त्या म्हणाल्या, आठवण नाही, अनुभव. मी तयारीला लागले. कापूस आणून बघितला, तो हाताला काही लागत नाही. साबणाचा फेस केला, तो पाच मिनिटांत बसला. पुस्तकात तिसरा पर्याय होता मिठाचा. मग मावशींनी बाजारातून जाडं मीठ आणलं, चांगलं पोतंभर. दोन ट्रे गच्च भरले, वर चंदेरी चमकी टाकली. दिसायला झकास दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

मुलांनी धुमाकूळ घातला. मूठमूठ उडवलं, डोक्यावर ओतलं, गाड्या फिरवल्या. सगळी फरशी पांढरी झाली. पोरं त्यातून अनवाणी नाचत होती, पायाखाली करकर आवाज येत होता आणि मी टाळ्या वाजवत होते. आणि तेवढ्यात आरुष भिंत सोडून पुढे आला.

माझा विश्वास बसेना. सहा महिन्यांत पहिल्यांदा. तो ट्रेकडे गेला नाही. फरशीकडे बघत होता. एक मुलगी उड्या मारत होती, तिला त्यानं दोन्ही हातांनी ढकलून बाजूला केलं. मग तो खाली बसला, मग पालथा झोपला, आणि गाल फरशीला टेकवून डोळा अगदी मिठाजवळ नेला. आणि पापण्या मिचकावायला लागला. थांबायचा, थोडा सरकायचा, पुन्हा मिचकावायचा. मी हाक मारली, लक्ष नाही. जवळ जाऊन हाक मारली, तरी नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, डोळे लालबुंद झाले होते, पण रडत नव्हता. आजूबाजूला मुलं ओरडत होती आणि हा एकेक फरशी सरकत चालला होता.

रेवती मॅडमनी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. मला तेव्हा ते योग्यच वाटलं. आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, की मूल वस्तू डोळ्याजवळ धरून बघत असेल, हाकेला ओ देत नसेल, तेच तेच करत असेल, तर नोंद घ्या. मी सगळं लिहिलं. 'जमिनीला डोळा लावतो. पापण्या वारंवार मिचकावतो. नावाने हाक मारल्यास प्रतिसाद नाही. दुसऱ्या मुलीला ढकलले.' अक्षर चांगलं काढलं. खाली सही केली. आईला वेळ द्या म्हणणारी मीच, आता मनात म्हणत होते, बाई, चुकलंच तुझं, हे आधी कसं दिसलं नाही तुला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरुषची आई रजा टाकून आली. आजोबाही आले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आरुषला मावशींबरोबर वर्गात पाठवलं आणि आम्ही चौघं केबिनमध्ये बसलो. मॅडमनी अगदी सांभाळून, मऊ शब्दांत सांगितलं आणि मग व्हिडिओ दाखवला. आईनं पदर तोंडाला लावला. मी माझा तक्ता पुढे सरकवला. आजोबांनी तक्ता बघितला नाही. ते म्हणाले, पुन्हा दाखवा. मॅडमनी पुन्हा दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, डोळे बारीक करून शेवटपर्यंत पाहिला. मग तो टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, तो मीठ उचलतोय."

आजोबांनी स्वतःच्या पापणीला बोट लावलं.

"पापन्यांनी उचलतोय. सांडलेला मीठ मेल्यावर देव पापन्यांनी उचलायला लावतो. मीच सांगलाय त्याला. आमचा मिठागर व्हता, आमच्या घरान पोर जेवाया बसला की पयला हाच सांगतात. तुमाला नाय कुनी सांगला?"

सांगितलं होतं. हेच तर मला अजून समजत नाही. माझ्या आईनं मला शंभरदा सांगितलं होतं. ताटातून मीठ सांडलं की ती म्हणायची, वेच, नाहीतर वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागेल. मी माझ्या मुलीलाही तेच सांगितलं. मॅडम हळूच म्हणाल्या, की त्यांची आजीही असंच म्हणायची. आरुषची आई तर त्याच घरात रोज ते ऐकत होती. केबिनमध्ये आम्ही चार माणसं, चौघांनाही ते ठाऊक होतं, आणि तिघींनी तो व्हिडिओ बघून डोक्याला हात लावला होता. शेवयांना, धान्याला इतकी जपणारी मी. पोतंभर मीठ जमिनीवर ओतून त्यावर पोरं नाचवली आणि आगऱ्याचं पोर ते बघून कासावीस झालं, तर मी त्याचं नाव आजारात घातलं.

आजोबा थांबले नव्हते. ते सावकाश म्हणाले, "आनि त्यानं नाय सांडला. ज्या पोरांनी सांडला, त्यांचा उचलतोय."

मला वाटलं तो तक्ता तिथेच फाडावा. हात पुढे केलाही होता. तेवढ्यात आईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून तोच प्रश्न पुन्हा विचारला. म्हणजे तो नॉर्मल आहे ना, टीचर? तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. आणि मला ते म्हणता येईना. मिठाचं कळलं, पण सहा महिन्यांचं गप्प राहणं? कॉटखाली बसणं? पाठीमागे बांधलेले हात? एक गोष्ट माझी चुकली म्हणून बाकीच्याही चुकल्या का? का एक चुकली म्हणजे मला काहीच धड दिसत नव्हतं? मी म्हणाले, मला माहीत नाही. एकतीस वर्षांत पालकासमोर हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले असेन.

आणि एकदा तोंड उघडल्यावर ते दुसरंही बाहेर आलं. मी सांगितलं, की उटण्याच्या दिवशी तो आपण होऊन घाबरला नाही. मी त्याचा हात ओढला आणि धरून ठेवला. तो सुटायला बघत होता तरी सोडला नाही. आणि हे मी तक्त्यात लिहिलं नाही. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. आईनं पर्स मांडीवर घट्ट धरली. आजोबा टेबलाकडे बघत म्हणाले, "दिवालीभर हात धुवत व्हता. मला कलंना कशापायी."

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. मी रडले, हे लिहायला मला लाज नाही.

पुढचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. तक्ता मी फाडला नाही, त्याच्याखाली खरं काय घडलं ते सगळं लिहिलं आणि पुन्हा सही केली. मॅडमनी व्हिडिओ आमच्यासमोर पुसून टाकला. आई आरुषला डॉक्टरकडे घेऊन गेलीच. डॉक्टरांनी दोन-तीनदा बोलावलं, त्याच्याबरोबर खेळले आणि सांगितलं, की काही मुलं घरी बोलतात आणि बाहेर त्यांचा आवाजच निघत नाही, शिवाय याला चिकट गोष्टी हाताला लागलेल्या सोसत नाहीत. धाक घालू नका, थोडी मदत लागेल, वेळ लागेल. म्हणजे डॉक्टरकडे नेलं ते बरंच झालं. पण नेलं ते माझ्या चुकीच्या नोंदीमुळे. मी बरोबर नोंद केली असती तर कदाचित नेलंच नसतं. यात माझं चुकलं किती आणि बरोबर किती, हे मी चार वर्षं हाताच्या बोटांवर मोजतेय आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं. आरुष जानेवारीत आमच्याकडे आला नाही. आजोबांनी त्याला गव्हाणला नेलं, असं मावशींकडून कळलं. आता तो दुसरीत असेल. शाळेत बोलतो की नाही, मला ठाऊक नाही. विचारायला जायचं धाडस झालं नाही.

त्या दिवशी केबिनमधून उठताना आजोबा म्हणाले, पोराला आना, आमी जातो. म्हणून मी वर्गात गेले. मावशींनी आदल्या दिवशी फरशी झाडून, पुसून घेतली होती. तरी कपाटाखाली, चटईच्या कडेला, फरशांच्या फटीत खडे राहिलेच होते. आरुष खिडकीजवळ पालथा पडला होता. डोळे अजून लाल होते. शेजारी कागदाचा एक तुकडा आणि त्यावर मिठाचे सात-आठ खडे. पापणीला एखादा चिकटला की तो कागदावर आणून पाडत असावा. बोटं त्यानं पाठीशीच धरली होती.

मी हाक मारली नाही. गुडघे दुखत होते तरी हळूहळू खाली बसले, त्याच्यापासून चार हात लांब. मला त्याला सांगायचं होतं, की बाळा, चुकलं माझं. पण साडेतीन वर्षांच्या मुलाला ते कसं सांगतात, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. म्हणून मी नुसतीच बसून राहिले.

त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग मी बसले होते तिथल्या फरशीकडे बघितलं. उठला, जवळ आला. माझ्या गुडघ्याजवळ फटीत एक खडा होता. पाठीमागचा हात त्यानं पुढे आणला, तोच उजवा हात, आणि त्या खड्याकडे बोट दाखवलं.

"हा तुजा," तो म्हणाला.

त्याचं बोलणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि नंतर कधीच ऐकलं नाही. दारात आजोबा येऊन उभे होते. मी चष्मा काढून बाजूला ठेवला, पदर खोचला, आणि त्या दोघांच्या देखत गाल फरशीला टेकवला.